लेक लुईझ ते जॅस्पर: आइसफील्ड्स पार्कवेचा प्रवास कसा आखायचा आणि गाइड कुठे घ्यायचा

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात बॅन्फ आणि जॅस्पर ही दोन राष्ट्रीय उद्यानं एकमेकांना लागून आहेत. त्यांना जोडणारा हायवे 93 नॉर्थ म्हणजे आइसफील्ड्स पार्कवे. लेक लुईझ गावापासून जॅस्पर गावापर्यंत लांबी 232 किलोमीटर. फोनवर नकाशा उघडला की तो तीन तासांच्या आतबाहेर वेळ दाखवतो, आणि तिथेच बहुतेकांचा बेत फसतो. सकाळी बॅन्फहून निघू, दुपारी जॅस्परला जेवू, रात्री परत येऊ, असा हिशेब मांडला जातो. मग दिवसभर काचेतून डोंगर पळताना दिसतात आणि संध्याकाळी फक्त पाठ दुखते.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. या रस्त्याला दोन दिवस द्या. गाडी स्वतः चालवता येत असेल तर स्वतःच चालवा, सोबत फोनमधलं ऑडिओ गाइड लावा, आणि पैसे देऊन माणूस-गाइड घ्यायचाच असेल तर तो फक्त बर्फावर घ्या. रस्त्यावर गाइड ही सोय आहे, हिमनदीवर ती गरज आहे. या दोहोंत गल्लत झाली की लोक नको तिथे खर्च करतात आणि जिथे करायला हवा तिथे हिमनदीपाशी लावलेली धोक्याची दोरी ओलांडून एकटेच पुढे जातात.

गाइडचे तीन प्रकार, आणि कोणाला कोणता

पहिला प्रकार बसचा. बॅन्फ आणि कॅल्गरीहून दिवसभराच्या सहली निघतात. ड्रायव्हरच माहिती सांगत जातो, चार-पाच ठिकाणी उतरवतो, कोलंबिया आइसफील्ड या हिमक्षेत्रापर्यंत नेतो आणि तिथूनच मागे फिरतो. म्हणजे रस्त्याचा उत्तरेकडचा जवळजवळ अर्धा भाग, सनवाप्टा आणि अथाबास्का हे दोन्ही धबधबे धरून, पाहायचा राहतो. भारतातून आलेल्या आईवडिलांना एकट्याने फिरायचं असेल, घरात कोणी गाडी चालवणारं नसेल किंवा उजव्या बाजूने गाडी चालवायची धास्ती वाटत असेल, तर बस उत्तम. बुकिंगच्या आधी दोन गोष्टी विचारा: आइस एक्सप्लोररचं (हिमनदीवर नेणाऱ्या मोठ्या चाकांच्या गाडीचं) तिकीट भाड्यात धरलं आहे का, आणि पेटो लेकच्या व्ह्यूपॉइंटला किती वेळ थांबणार. वीस मिनिटं असं उत्तर आलं तर दुसरी सहल शोधा, कारण वरच्या वाहनतळावर उतरलात तरी ऐन गर्दीत तेवढा वेळ जाण्यायेण्यात आणि कठड्याशी जागा मिळण्यातच जातो.

दुसरा प्रकार ऑडिओ गाइडचा. हे ॲप जीपीएसवर चालतं. गाडी एखाद्या ठिकाणाजवळ आली की आपोआप बोलू लागतं: पुढच्या वळणावर डावीकडे काय दिसेल, कुठे थांबावं, कुठे थांबलं नाही तरी चालेल. त्यासाठी फोनला रेंज असण्याची गरज नाही, फक्त सगळी टूर आदल्या रात्री वायफायवर उतरवून घ्यायला हवी. मला हा प्रकार सगळ्यात आवडतो, कारण कुठे किती रेंगाळायचं ते आपल्या हातात राहतं. कथन इंग्रजीत असतं. मागच्या सीटवरच्या आजी-आजोबांना ते समजावून सांगणारं कोणीतरी एक गाडीत असू द्या, आणि ते काम ड्रायव्हरकडे देऊ नका.

तिसरा प्रकार हिमनदीवरच्या गाइडचा. त्याबद्दल पुढे सविस्तर.

कधी जायचं

जुलै आणि ऑगस्ट हे रंगाचे महिने. हिमनद्या खडक घासून त्यांची मैद्यासारखी बारीक भुकटी करतात. बर्फ वितळला की ती पाण्याबरोबर तळ्यात येते आणि तरंगत राहते. तिच्यावरून विखुरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांना फिरोजी-निळा दिसतो. म्हणजे बर्फ जितका वितळेल तितका रंग चढतो. मेच्या अखेरीस गेलात तर बो लेक आणि पेटो लेक बहुधा गोठलेलेच असतील. जूनच्या मध्यानंतर पाणी मोकळं होऊ लागतं. ज्यांनी फोटो पाहून तिकीट काढलं आहे त्यांनी हे आधीच समजून घेतलेलं बरं.

जुलै-ऑगस्टला दोन तोटे आहेत, गर्दी आणि धूर. वणवे पेटले की कधीकधी आठवडाभर डोंगर दिसत नाहीत. जुलै 2024 मध्ये तर वणवा थेट जॅस्पर गावात शिरला. गाव आधीच रिकामं केलं होतं, तरी सुमारे एक तृतीयांश इमारती जळाल्या. त्यामुळे राहण्याच्या खोल्या कमी झाल्या, आणि रस्त्याच्या शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंना काळे पडलेले खोड आजही दिसतात. जॅस्परचं बुकिंग म्हणूनच सर्वांत आधी करा, बाकीचं सगळं त्याभोवती बसवा.

मला विचाराल तर सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे. मुलांच्या शाळा सुरू झालेल्या असतात, तळ्यांचा रंग टिकून असतो, आणि महिन्याच्या उत्तरार्धात लार्चची झाडं पिवळी होतात. हा सूचिपर्णी वृक्ष असूनही पानं गाळतो. रात्री मात्र पारा शून्याच्या आसपास उतरतो.

हिवाळ्याबद्दल एवढंच: 1 नोव्हेंबर ते 1 एप्रिल या काळात या रस्त्यावर बर्फाचे टायर सक्तीचे आहेत, हिमकडे कोसळण्याच्या धोक्यामुळे रस्ता अचानक बंद होतो आणि वाटेत पेट्रोल मिळत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने या भानगडीत पडू नये.

निघण्यापूर्वीची कामं

उद्यानात शिरायला पार्क्स कॅनडाचा, म्हणजे उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचा, पास लागतो. पार्कवेवर शिरताना लेक लुईझच्या पुढे नाका आहे, आणि कुठे न थांबता नुसतं जॅस्परला जायचं असलं तरी तो चुकत नाही. एका गाडीतल्या सात जणांपर्यंत एकच कुटुंब-पास चालतो, तेव्हा माणशी पास घेत बसू नका. उद्यानांत मिळून सात किंवा जास्त दिवस काढणार असाल तर वार्षिक डिस्कव्हरी पास स्वस्त पडतो. 2025 च्या उन्हाळ्यात सरकारने प्रवेश मोफत ठेवला होता. तुम्ही जाणार त्या वर्षी काय आहे ते पार्क्स कॅनडाच्या संकेतस्थळावर बघून मगच पैसे भरा.

भाड्याच्या गाडीसाठी मोठी जीप लागते असा समज आहे. उन्हाळ्यात साधी सेडान पुरते, सगळा रस्ता डांबरी आहे. पण गाडी कॅल्गरीला घेऊन एडमंटनला सोडायची असेल तर वेगळं शुल्क लागतं, ते आधी विचारून घ्या. भारतातला परवाना इंग्रजीत असला तरी काही भाडे-कंपन्या आंतरराष्ट्रीय परवाना मागतात. तो आरटीओतून काढूनच निघा, काउंटरवर वाद घालायला वेळ नसतो.

आता पेट्रोल. लेक लुईझ ते जॅस्पर यांच्यामध्ये फक्त सास्काचेवान रिव्हर क्रॉसिंगला, सुमारे 77 व्या किलोमीटरवर, एक पंप आहे. तोही हंगामी, आणि दर चढे. लेक लुईझला टाकी पूर्ण भरा म्हणजे त्या पंपाकडे फक्त स्वच्छतागृहासाठी वळायचं.

मोबाइलला रेंज नाही. कुठेकुठे येते-जाते असंही नाही, बहुतेक रस्ता पूर्ण कोरा आहे. नकाशा, हॉटेलचे पत्ते, तिकिटांचे क्यूआर कोड, सगळं आधी उतरवून ठेवा. दोन गाड्या असतील तर चुकामूक झाल्यावर कुठे भेटायचं ते लेक लुईझलाच ठरवा, फोन करून विचारू हा पर्याय नाही. उपग्रहावरून आपत्कालीन संदेश पाठवणारा फोन असेल तर ती सोय कशी वापरतात हे घरीच शिकून घ्या. रस्त्याची स्थिती 511 अल्बर्टा या सरकारी सेवेवर कळते, सकाळी हॉटेलच्या वायफायवर ती पाहायची.

कपड्यांचे थर करा. बॅन्फ गावात टी-शर्टवर फिरणारी माणसं दोन-अडीच तासांनी हिमनदीसमोर कुडकुडत असतात, कारण बर्फावरून खाली वाहत येणारा थंड वारा भर उन्हातही थांबत नाही. जुलैतही तिथे हिमवर्षाव होऊ शकतो. वाऱ्याला अडवणारं जाकीट, कानटोपी, हातमोजे आणि गॉगल. छत्रीचा काही उपयोग नाही.

थोडं चालणार असाल तर अस्वल-स्प्रे, म्हणजे अस्वल अंगावर आलं तर मारायचा तिखट फवारा, घ्या. विमानात तो नेता येत नाही, बॅन्फमध्ये विकत किंवा भाड्याने मिळतो. दुकानदाराकडून तो कसा मारायचा ते शिकून घ्या आणि कमरेला लावा. पिशवीच्या तळाशी ठेवलेला स्प्रे नसल्यासारखाच.

पहिला दिवस: लेक लुईझ ते हिमक्षेत्र

दिशा कोणती? बहुतेक महत्त्वाची स्थळं रस्त्याच्या पश्चिमेला आहेत. दक्षिणेकडून उत्तरेला जाताना ती डावीकडे येतात. कॅनडात गाडी उजव्या बाजूने चालते, त्यामुळे प्रत्येक थांब्याला समोरून येणारी रांग ओलांडून वळावं लागतं. भारतात शिकलेल्या हाताला हेच वळण सर्वांत अवघड जातं. तरी मी उत्तरेकडे जाण्याच्याच बाजूने आहे, कारण सकाळचं ऊन पश्चिमेच्या शिखरांवर थेट पडतं आणि तळी तेव्हा शांत असतात. वळताना मागच्या गाडीचा दबाव घेऊ नका. सिग्नल आधीपासून द्या, नाहीतर सरळ पुढे जा आणि परतीला थांबा. वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी 90 किलोमीटर आहे. व्यापारी ट्रकना हा रस्ता बंद आहे, त्यामुळे गाडी चालवणं एरवी सुखाचं.

सकाळी सातच्या आत लेक लुईझ सोडा. मोरेन लेकही याच बेतात घुसवायचा मोह होतो, पण 2023 पासून तिथे खाजगी गाड्या जाऊ देत नाहीत, बसचं आरक्षण लागतं. त्याला वेगळा दिवस द्या.

हर्बर्ट लेक अगदी सुरुवातीला, नाक्यानंतर थोड्याच अंतरावर आहे. छोटं तळं, वारा नसेल तर संपूर्ण प्रतिबिंब. दहा मिनिटं पुरेत. हेक्टर लेकचा व्ह्यूपॉइंट मी सोडून देते, झाडं वाढून दृश्य बरंच झाकलं गेलं आहे.

बो लेक सुमारे 36 व्या किलोमीटरवर. इथे रेंगाळा. तळ्याच्या काठावर लाल छपराचं लॉज आहे. ते जिमी सिम्प्सन या जुन्या वाटाड्याने उभं केलं. या रस्त्यावरची कितीतरी नावं वाटाड्यांशी जोडलेली आहेत. पुढचा पेटो लेक बिल पेटोच्या नावाचा. हा घोड्यांच्या तांड्यांचा म्होरक्या, पुढे उद्यानाचा रक्षक झाला. 1898 मध्ये नॉर्मन कॉली आणि हर्मन वूली या ब्रिटिश गिर्यारोहकांनी माउंट अथाबास्का चढून वरून कोलंबिया हिमक्षेत्र पाहिलं आणि त्याची वार्ता जगाला दिली. त्या मोहिमेचे घोडे आणि सामान पेटोच सांभाळत होता. म्हणजे गाइड घेऊन या वाटेने जाणं ही काही आजच्या पर्यटन कंपन्यांची कल्पना नाही. मुलांना हे गाडीत सांगा, नावं लक्षात राहतात.

बो लेकच्या काठाने सपाट पायवाट आहे. वीस मिनिटं चालून मागे वळलात तरी गर्दी संपते. समोर डोंगराच्या कडेवर लोंबणारा बर्फ दिसतो, ती बो हिमनदी. याच पाण्याची पुढे बो नदी होते आणि ती कॅल्गरी शहरातून वाहते.

पेटो लेक तिथून पाच मिनिटांवर, बो समिटच्या खिंडीवर. उंची सुमारे 2,070 मीटर, पार्कवेवरची ही सर्वांत उंच जागा. खालच्या वाहनतळापासून लाकडी सज्जापर्यंत पंधरा-वीस मिनिटांचा डांबरी चढ आहे. वरचा वाहनतळ बससाठी आणि अपंग-परवाना असलेल्या गाड्यांसाठी राखीव असतो. गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश चढावं, वाटेत बाकडी आहेत. वरून दिसणारा तळ्याचा आकार लांडग्याच्या डोक्यासारखा आहे, एकदा दिसला की मग दुसरं काही दिसत नाही. साडेनऊनंतर इथे बसगाड्या येऊ लागतात, पहाटे निघायचं खरं कारण हेच. सज्जा सोडून झाडीतून पुढे गेलेल्या आडवाटा दिसतील. तिथली उंचावरची झाडोरा-माती पायाखाली गेली की भरून यायला अनेक वर्षं लागतात, तेव्हा मोह टाळा.

खिंड ओलांडली की पाण्याची दिशा बदलते. आतापर्यंत बो नदी आपल्याकडे, दक्षिणेला वाहत होती. आता मिस्ताया नदी आपल्याबरोबर उत्तरेला निघते. वॉटरफाउल लेक्सच्या काठी डबा उघडायला छान जागा आहे, मागे माउंट शेफ्रनचा पिरॅमिड उभा. खाल्ल्यावर एकही कण मागे ठेवायचा नाही. चिवड्याचे दाणे खारींना टाकणं हासुद्धा गुन्हा आहे. राष्ट्रीय उद्यानांत वन्यप्राण्यांना खायला घातल्यास कमाल दंड 25,000 डॉलरपर्यंत जातो.

मिस्ताया कॅन्यनचा फलक लहान आहे, म्हणून लोक पुढे निघून जातात. तुम्ही थांबा. दहा मिनिटं उतरलं की लाकडी पूल येतो. खाली नदीने चुनखडीत कोरलेली, वळ्या पडलेली अरुंद घळ. पुलापलीकडच्या कातळावर कठडा नाही, आणि ओला कातळ निसरडा असतो. लहान मुलांचा हात सोडू नका.

सास्काचेवान क्रॉसिंगनंतर रस्ता उत्तर सास्काचेवान नदीच्या काठाने जातो. वीपिंग वॉलच्या कड्यावरून पाण्याच्या बारीक धारा ओघळत असतात, गाडीतूनही दिसतात. मग बिग बेंड: यू आकाराचं मोठं वळण आणि तिथून थेट चढ. हा रस्ता 1930 च्या दशकातल्या मंदीत बेकारांना काम म्हणून दोन्ही टोकांकडून खोदायला घेतला आणि 1940 मध्ये खुला झाला. दोन्हीकडच्या टोळ्यांची गाठ पडली ती इथेच, बिग बेंडच्या परिसरात. चढ संपता संपता उजवीकडे वाहनतळ आहे, तिथून मागे वळून सगळी दरी एकदम दिसते. परतीला हाच उतार असेल, तेव्हा ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, खालचा गिअर लावा.

अंगात दम असेल आणि दुपारचे दोन वाजले नसतील तर पार्कर रिज चढा. एका बाजूने 2.7 किलोमीटर, सुमारे 250 मीटर चढ. वर गेल्यावर सास्काचेवान हिमनदी अचानक समोर येते. माझ्या मते या रस्त्यावर श्रमांच्या मानाने सर्वांत मोठं बक्षीस हेच. वर सोसाट्याचा वारा असतो, खाली उकडलं तरी जाकीट घेऊनच निघा.

त्यानंतर सनवाप्टा खिंड. इथे बॅन्फ उद्यान संपतं आणि जॅस्पर सुरू होतं. खिंडीच्या अलीकडचं पाणी हडसन उपसागराकडे जातं, पलीकडचं थेट आर्क्टिक महासागराकडे. आणि हिमक्षेत्रावरच्या स्नो डोम शिखराची एक बाजू प्रशांत महासागराकडेही पाणी धाडते. एका शिखरावर पडलेला हिम तीन दिशांना जातो.

हिमनदीवर: इथे गाइड हवाच

कोलंबिया हिमक्षेत्रातून उतरणारी अथाबास्का हिमनदी रस्त्यावरून समोरच दिसते. ती जवळ वाटते म्हणूनच धोकादायक आहे. हिमनदी एकसंध बर्फाची लादी नसते. ती सरकते, सरकताना तिला खोल भेगा पडतात, आणि त्या भेगांवर ताज्या हिमाचा पातळ पूल साचतो. वरून जमीन सपाट दिसते. भेगेत पडलेला माणूस अरुंद जागेत अडकतो आणि मदत येईपर्यंत थंडीने दगावू शकतो. असे मृत्यू इथे झालेले आहेत. म्हणून वाटेच्या शेवटी लावलेली दोरी ओलांडायची नाही, पलीकडे दहा जण फोटो काढत असले तरीही.

इथे तीन पर्याय आहेत.

फुकटचा पर्याय म्हणजे समोरच्या वाहनतळापासून हिमनदीच्या तोंडाकडे जाणारी छोटी पायवाट. जाऊन-येऊन तासभर धरा. वाटेत वर्षांच्या पाट्या लावल्या आहेत: त्या साली बर्फ इथवर होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ही हिमनदी दीड किलोमीटरहून जास्त मागे हटली आहे. तेव्हा तिची जीभ दरी अडवून बसली होती, म्हणून घोड्यांचे तांडे बाजूच्या विलकॉक्स खिंडीवरून न्यावे लागत. आज आपण जिथे गाडी लावतो तिथे बर्फ होता. माझा सल्ला असा की बाकीचं काही करा न करा, या पाट्यांमधून एकदा चालाच. तुमच्या जन्मसालाच्या जवळची पाटी गाठल्यावर पुढे बर्फापर्यंत किती चालावं लागतं ते मोजा.

दुसरा पर्याय आइस एक्सप्लोरर. रस्त्याच्या पलीकडे आइसफील्ड सेंटर आहे, तिथून साध्या बसने जाऊन मग पुरुषभर उंचीच्या चाकांच्या गाडीत बसायचं. ही गाडी हिमनदीने लोटून आणलेल्या दगडमातीच्या बांधावरून तीव्र उतार उतरून थेट बर्फावर जाते. ड्रायव्हरच गाइड असतो. बर्फावर आखून दिलेल्या जागेत साधारण अर्धा तास फिरता येतं. ज्येष्ठांना आणि लहान मुलांना हाच मार्ग सोयीचा. अकरा ते तीन गर्दीची वेळ, म्हणून दुपारी चारनंतरची फेरी आधीच आरक्षित करा. एप्रिलच्या शेवटी-मेपासून ऑक्टोबरपर्यंत, हवामान पाहून या फेऱ्या चालतात. याच तिकिटाला जोडून ग्लेशियर स्कायवॉकही विकतात. 2014 मध्ये उघडलेला हा काचेच्या तळाचा सज्जा दरीपासून 280 मीटर उंचीवर आहे. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. पार्कर रिज केलात तर त्याहून मोठी दरी फुकट दिसते. मात्र ज्यांना चढ जमणार नाही त्यांना दरीवर उभं राहण्याचा अनुभव तिथे मिळतो, हे खरं.

तिसरा पर्याय गाइडबरोबर बर्फावर चालत जाण्याचा. हा खरा. छोट्या गटाला बुटांवर लावायचे काटे देतात, गाइड पुढे राहून काठीने बर्फ तपासत नेतो आणि भेगा, वितळपाण्याचे निळे ओढे, पाणी गिळणारी बर्फातली विवरं जवळून दाखवतो. अर्धा किंवा जवळजवळ पूर्ण दिवस जातो. मुलांसाठी वयाची अट असते, ती बुकिंगच्या वेळी पाहा. हा पर्याय निवडलात तर वरच्या यादीतून पार्कर रिज काढून टाका आणि बर्फावरची फेरी दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा. त्यासाठी मुक्काम हिमक्षेत्राजवळच करावा लागतो. सेंटरच्या इमारतीत हॉटेल आहे, महाग आहे. स्वस्तात जायचं तर रस्त्यालगत साधी वसतिगृहं आहेत, पण त्यांत शॉवरची अपेक्षा ठेवू नका.

बर्फावर न चालणाऱ्यांनी संध्याकाळी सरळ जॅस्पर गाठावं. अंतर सुमारे 103 किलोमीटर. उन्हाळ्यात रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो, तरीही अंधार पडण्याआधी पोचा. एल्क (हरणाचीच एक मोठी जात) आणि हरणं संधिप्रकाशातच रस्त्यावर येतात.

जनावर दिसलं तर

पुढे गाड्या थांबलेल्या दिसल्या की अस्वल असणार हे गृहीत धरा. गाडीबाहेर पडायचं नाही. रस्त्याच्या मधोमध थांबायचं नाही. वेग कमी करून, काचा वर ठेवून, एक-दोन फोटो घ्यायचे आणि निघायचं. अस्वल, लांडगा, कुगर (मोठं रानमांजर) यांच्यापासून किमान 100 मीटर, तर एल्क, हरीण, डोंगरी मेंढ्या-बकऱ्या, मूस (अवाढव्य हरीण) यांच्यापासून 30 मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे. एल्क गाईसारखा निरुपद्रवी वाटतो, पण सप्टेंबरच्या माजाच्या काळात नर अंगावर येतो. टँगल फॉल्सच्या आसपास मोठ्या शिंगांच्या मेंढ्या डांबरावरचं मीठ चाटत उभ्या असतात, त्यांच्यासाठी तिथे हळू जा. ड्रोनला सगळ्या उद्यानात बंदी आहे.

दुसरा दिवस: धबधबे आणि परतीची वाट

जॅस्परला मुक्काम केला असेल तर दुसऱ्या दिवशी आधी अथाबास्का फॉल्स, मग सनवाप्टा फॉल्स, असं दक्षिणेकडे येत पाहा. आता स्थळं उजव्या हाताला येतात, वळणं सोपी होतात.

अथाबास्का फॉल्सची उंची फक्त 23 मीटर. आकडा वाचून नाक मुरडू नका. अख्खी अथाबास्का नदी एका अरुंद खाचेत कोंबली जाते आणि कठीण क्वार्टझाइट खडकात तिने रांजणखळगे पाडले आहेत. खाली नदीने सोडून दिलेल्या जुन्या पात्रातून जिना उतरतो, तो चुकवू नका. सकाळी नवाच्या आत गेलात तर पुलावर निवांत उभं राहता येतं. कठड्याबाहेरचा ओला दगड इथेही जीवघेणा आहे.

सनवाप्टा फॉल्सला वरचा धबधबा वाहनतळाशेजारीच आहे, मध्ये सूचिपर्णी झाडांचं छोटं बेट. खालचा धबधबा 1.3 किलोमीटर उतरून, आणि तिथे बहुतेक जण जात नाहीत.

दोघांच्या मध्ये गोट्स अँड ग्लेशियर्स नावाचा थांबा आहे. डोंगरी बकऱ्या इथे खनिजमाती चाटायला उतरतात. दिसतीलच असं नाही, पण नदीचं वळण पाहायला पाच मिनिटं थांबायला हरकत नाही.

पुढे आदल्या दिवशी राहिलेलं उरकायचं. मी शक्यतो विलकॉक्स खिंडीची वाट या दिवसासाठी राखते. अर्ध्या तासाच्या खड्या चढावर लाल खुर्च्या ठेवल्या आहेत आणि तिथून अथाबास्का हिमनदी पूर्ण लांबीने समोर येते. आदल्या दिवशी जिच्यावर उभे होतो ती केवढी आहे ते इथून कळतं.

कॅल्गरीला विमान असेल तर त्याच संध्याकाळचं तिकीट काढू नका. लेक लुईझपासून विमानतळापर्यंत अडीच तास धरावे लागतात, आणि पार्कवेवर एक अपघात झाला तरी पर्यायी रस्ता जवळपास नसल्यामुळे गाड्या तासन् तास अडकतात. रात्र कॅनमोर किंवा कॅल्गरीत काढा. ज्यांना पुढे एडमंटनला जायचं आहे त्यांनी मागे फिरायची गरज नाही. जॅस्परहून पूर्वेला हायवे 16 ने सुमारे 365 किलोमीटर, चार तासांचा सरळ रस्ता. निघताना जॅस्परलाच टाकी भरा आणि धबधबे पहिल्या दिवशी संध्याकाळी येतायेताच पाहून घ्या.